घरच्या शाळेवर परीक्षेची स्वारी जाहली त्याची हकीकत

राजमान्य राजश्री थोरले आजोबासाहेब यांचे सेवेसी, आज्ञाधारक बखरनवीस, कृतानेक विज्ञापना ऐसीजे. स्वामींची आज्ञा टेलिफोनद्वारे पावली की, थोरली कन्या एक सांगते आणि धाकटी कन्या दुसरेच सांगते, आणि उभयतांत तह जाहला असता उभयतांही आपणांसच विजयी म्हणवितात, आणि नातीने परीक्षा दिली की परीक्षेनेच घरदाराची झडती घेतली हे काही केल्या उलगडत नाही. तरी खरे वर्तमान पदरचे तिखटमीठ न लावता लिहून पाठवावे. त्यावरून सेवकाने दोन्ही छावण्यांत फिरून, दारांआडचे ऐकून आणि टेबलावरचे वाचून ही हकीकत सिद्ध केली. यात कोणाची भीड ठेविली नाही. आणि राहिली असल्यास स्वामींच्या दोन्ही कन्यांची सारखीच राहिली आहे.

ऐसीयास, धाकट्या कन्या, म्हणजे भिंगरीच्या मातोश्री, नऊ वर्षे शाळेत शिक्षिका होत्या. पुढे त्यांस ऐसे उमगले की, आपण मुलांकडे पाहतो थोडे आणि मुलांविषयीचे तक्ते भरतो फार; मग त्यांस उबग आला, आणि त्यांनी राजीनामा मुख्याध्यापकांचे मेजावर ठेविला, आणि घरी येऊन फर्मान काढिले की, आमची कन्या आजपासून शाळेत जाणार नाही; तिजला गुण नाहीत, क्रमांक नाही, घंटा नाही. कन्येचे वय ते समयी सहा होते. ती एके जागी बसत नसे, गरगर फिरत असे, म्हणोन तीस भिंगरी म्हणत.

तिसऱ्या मजल्यावरील स्वयंपाकघरात तख्त स्थापिले. मातोश्री भाजी चिरता चिरता प्रश्न फेकीत आणि कन्या ओट्याभोवती फिरता फिरता उत्तर देई. पुस्तक वाचणे तर दोघी एकाच उशीवर डोके ठेवून वाचीत. भूगोल तर मातोश्रींनी कन्येच्या पाठीवर बोटाने नद्या काढून शिकविला. मग चार वर्षांत कन्या पाढे उलटे म्हणू लागली, पाठ केलेले नाटक एकटीच सात आवाजांत करू लागली, आणि आकाश निळे का दिसते हे विचारल्यावाचून सांगू लागली. शिक्षण उत्तम होते. हे शत्रूसही कबूल करणे भाग आहे.

शत्रू म्हणजे कोण, तर थोरल्या कन्या, मावशीसाहेब. सहाशे मुलांच्या शाळेच्या मुख्याध्यापिका. त्यांची सलाबत ऐसी की, त्या व्हरांड्यातून निघाल्या की पंखेसुद्धा आवाज न करिता फिरत. त्यांचा खलिता दर महिन्यास नेमाने येई की, “लाड पुरे झाले. पोरगी किती पाण्यात आहे ते एकदा बघ तरी.” त्यास मातोश्रींचा जबाब नेमाने जाई की, “माझी पोरगी पाण्यात नाही. काठावर मजेत आहे.” ऐसी चकमक चार वर्षे चालली.

भिंगरीचे तीर्थरूप वजनमापे तपासणारे अंमलदार होते. पितळी वजनांची पेटी घेऊन दुकानोदुकानी जावे, तराजू खोटा निघाल्यास जप्त करावा, ही त्यांची चाकरी. घरच्या युद्धात मात्र त्यांनी चार वर्षे तटस्थता राखिली, आणि चहा पिऊन काळ काढिला.

पुढे शिक्षणखात्याचा जाहीरनामा निघाला की, जी मुले घरीच शिकतात त्यांस, पालकांची मर्जी असल्यास, शाळेच्या मुलांबरोबर एकच प्रश्नपत्रिका देता येईल, सक्ती नाही. हे वाचून मुलूखभर हाहाकार जाहला. सक्ती असती तर मोर्चा काढिता आला असता. मर्जी म्हटल्यावर भांडण घरातच करणे प्राप्त जाहले. मातोश्रींच्या मैत्रीत घरी शिकविणारी आणखी सात कुटुंबे होती. त्यांनी सकाळी फोनवर ठराव केला की, परीक्षा म्हणजे बालमनावरील अत्याचार. संध्याकाळपावेतो त्यांपैकी पाचांनी अर्ज भरिले होते, आणि पाचही जण एकमेकांस सांगत होते की, आम्ही केवळ अनुभव म्हणोन भरिला.

रविवारी मावशीसाहेब खासा चालून आल्या. अर्ज त्यांनी घरूनच भरून आणिला होता, केवळ सहीची जागा रिकामी. मग दिवाणखान्यात खलबत बैसले, आणि मावशीसाहेबांनी फर्माविले की, मोजल्यावाचून प्रगती ही नुसती अफवा. आणि मातोश्रींनी उलट फर्माविले की, मोजल्याने मूल वाढत नाही, उंचीची खूण भिंतीवर केल्याने कोणी उंच जाहला नाही. आणि मग उभयतांनी बालपणीच्या एका निळ्या फ्रॉकाचा विषय काढिला, ज्याचा परीक्षेशी काही संबंध नव्हता. तो इतक्यात तीर्थरूप फितूर जाहले. कप खाली ठेवून बोलिले, “एकदा मोजून बघायला काय हरकत आहे?”

मातोश्री बोलिल्या, “ती काय कांदा आहे?”

मग तीन दिवस त्या घरात माणसे बोलली नाहीत, भांडी बोलली. कपाटे आपटली, नळ फणफणले, तीर्थरूपांचा चहा निवालेला आला आणि त्यांनी तो निमूट प्याला. चौथ्या दिवशी भिंगरी, जी हे सर्व टेबलाखाली बसून ऐकत होती, ती बाहेर आली.

“आई, मी देते ना परीक्षा,” ती म्हणाली. “मला बघायचंय, शंभर मुलं एकत्र गप्प कशी बसतात.”

यावर मातोश्रींचा सर्व दारूगोळा भिजला. चार वर्षे ज्या कन्येस स्वतःची इच्छा सांगण्यास शिकविले, तिने नेमकी हीच इच्छा सांगितली. मग त्यांनी सही केली, परंतु अट घातली की, तयारी करून घ्यायची नाही. परीक्षेस आमच्या घरी तेवढीही किंमत नाही.

आणि त्याच दुपारी मातोश्रींनी सराव प्रश्नसंच आणिला आणि टॉवेलांच्या कपाटात दडविला. तीर्थरूपांनीही आणिला आणि वजनांच्या पेटीत दडविला. मग मातोश्री केस विंचरता विंचरता, सहज सुचल्यासारखे, त्यातले प्रश्न तोंडी विचारीत. आणि तीर्थरूप जिना चढता चढता, सहज सुचल्यासारखे, तेच प्रश्न तोंडी विचारीत. भिंगरी पहिल्यांदा विचार करून उत्तर देई आणि दुसऱ्यांदा विचारावाचून देई. दोघांचीही छाती फुगली. कन्येने कोणासच सांगितले नाही की, प्रश्न दोन्हीकडून सारखेच येतात. तिला वाटले, सगळ्या मोठ्या माणसांना हेच प्रश्न पडत असावेत.

परीक्षेचे ठिकाण मावशीसाहेबांचीच शाळा ठरली. भाचीस झुकते माप दिले ऐसे कोणी म्हणू नये, म्हणोन मावशीसाहेबांनी कडक न्याय केला आणि तीस सभागृहाच्या अगदी शेवटच्या रांगेत बसविले. फाटकाबाहेर मातोश्री उभ्या राहिल्या. तेथे त्या ठराववाल्या मंडळींपैकी पाच मातापिते भेटले. प्रत्येकाने सांगितले की, आपण सहज या रस्त्याने जात होतो. मग ते सहा जण सहज दोन तास तेथेच उभे राहिले.

दोन तासांनी भिंगरी उड्या मारीत बाहेर आली. कशी गेली म्हणोन विचारता म्हणाली, “मस्त! सगळे इतके गप्प होते, की माझं पोट गुरगुरलं ते दोन रांगा पुढे ऐकू गेलं.” मातोश्रींनी वरकरणी म्हटले की, गुणांची आम्हांस फिकीर नाही, आणि त्या दिवसापासून टपालपेटी दिवसातून तीनदा उघडू लागल्या.

तीन आठवड्यांनी निकाल आला. पन्नासांपैकी एकोणीस. खाली यंत्राने छापिले होते: आकलन अपुरे, मदतीची शिफारस.

त्याच संध्याकाळी मावशीसाहेब येऊन दाखल जाहल्या. त्यांनी पादत्राणे काढण्यापूर्वीच “मी म्हणत नव्हते?” हे अस्त्र सोडिले. मातोश्रींचा चेहरा पांढरा पडला, आणि मग लाल जाहला, आणि त्यांनी उलट हल्ला चढविला की, ज्या कागदाला ही मुलगी एकोणीस गुणांची वाटते तो कागदच नापास. निकालास उत्तरपत्रिकेची प्रत जोडिली होती. ती उघडिता दिसले की, परीक्षेचे दोन भाग होते. दुसऱ्या भागाचे प्रश्न छापील पुस्तिकेत होते. त्यात विसांपैकी एकोणीस. पहिल्या भागाचे तीस प्रश्न समोरच्या पडद्यावर एकामागून एक दाखविले होते, त्यात शून्य. आणि त्या भागाच्या जागी एकही उत्तर नव्हते. पेन्सिलीने एक मोठा चौकोन काढिला होता आणि आत फिक्या रेघा.

मग या चौकोनावर तुंबळ युद्ध माजले. मावशीसाहेबांनी निर्णय दिला की हा उद्धटपणा. शिस्त नसली की उत्तरपत्रिकेवर चित्रे निघतात. मातोश्रींनी निर्णय दिला की हा निषेध. मुक्त मन कैदेत घातले की ते चित्रांतून बोलते. एकीने शिस्तीवर व्याख्यान दिले, दुसरीने मुक्तीवर दिले, आणि दोन्ही व्याख्याने एकाच वेळी जाहली. चित्र जिने काढिले ती समोर स्टुलावर बसून पाय हलवीत होती. तीस कोणी काही विचारिले नाही.

तीर्थरूप मात्र त्या शून्याकडे पाहात राहिले. तराजूवाल्या माणसास हे ठाऊक असते की, एका पारड्यात नीट वजन दाखवून दुसऱ्यात काहीच न दाखविणारा काटा म्हणजे माल हलका असे नव्हे. कोठे तरी काही अडकले आहे. ते उठून कन्येपाशी गेले.

“भिंगे, हे काय काढलंयस गं?”

“पडदा.”

“आणि या रेघा?”

“पडद्यावर होत्या त्या. करड्या करड्या. सगळे त्यांच्याकडे बघून लिहीत होते, म्हणून मला दिसलं ते मी काढलं.”

तीर्थरूपांनी भिंतीवरचे कॅलेंडर काढिले, आणि ते घेऊन दिवाणखान्याच्या दुसऱ्या टोकास गेले, आणि उंच धरून म्हणाले, “आज कुठला वार आहे, यावर बघून सांग.”

कन्येने डोळे बारीक केले. म्हणाली, “त्या पांढऱ्यावर? त्याच्यावर काही लिहिलंय?”

तेव्हा दोन्ही फौजा जागच्या जागी थिजल्या. मावशीसाहेबांच्या हातातला निकाल खाली आला. मग त्यांनी, ज्या आवाजाने पंखे दबत तो आवाज कोठे तरी हरवून, विचारिले, “अगं, मग तुला लांबचं दिसत नाही हे कधी बोलली नाहीस ती?”

“मला वाटलं, लांबचं सगळ्यांनाच असं दिसतं,” भिंगरी म्हणाली. “म्हणून तर माणसं जवळ येतात ना?”

मातोश्री मट्‌कन खुर्चीत बसल्या. ओट्यापासून टेबल दोन हात, टेबलापासून उशी तीन हात. त्या मुलखात लांब असे काही नव्हतेच. “चार वर्षं,” त्या म्हणाल्या, “चार वर्षं मी हिच्या डोळ्यांत बघून शिकवलं गं, ताई.” मावशीसाहेब त्यांच्या शेजारी बसल्या आणि हळूच म्हणाल्या, “शेवटच्या रांगेत तर मीच बसवलं.” स्वामी, या प्रसंगी सेवकास थट्टा सुचली नाही, म्हणोन लिहिली नाही.

दुसरे दिवशी सकाळीच सर्व लवाजमा नेत्रवैद्यांकडे कूच करिता जाहला. तेथे एक अर्ज भरणे होते, वर ठळक छापिले होते ‘तपासणी’. मातोश्रींनी त्यावर वाचल्यावाचून सही केली. भिंगरीने त्या अवजड यंत्रात हनुवटी ठेविली आणि विचारिले, “याचेपण मार्क सांगतात का?” वैद्य म्हणाले, “सांगतो. आणि लगेच दुरुस्तपण करून देतो.” हे ऐकून मावशीसाहेब, ज्यांनी वीस वर्षे केवळ पूर्वार्धच केला होता, खिडकीबाहेर पाहू लागल्या.

चार दिवसांनी हिरव्या काड्यांचा चष्मा हाती आला. दुकानाबाहेर पडताच कन्येने पाट्या वाचण्याचा सपाटा लाविला: औषधांचे दुकान, किल्ल्या बनवून मिळतील, येथे गाडी लावू नये. झाडाशी येऊन थबकली, आणि झाडास सुटी सुटी पाने असतात हे पाहून मातोश्रींस खडसावून विचारिले की, हे आधी का सांगितले नाही. मातोश्रींनी नाक ओढिले.

मग घरी येऊन स्वयंपाकघराच्या टेबलावर तहाची बोलणी जाहली. ठरले ऐसे की, परीक्षा दरसाल द्यावी, परंतु निकालाचा अर्थ आधी कन्येस विचारावा, मग वडीलधाऱ्यांनी भांडावे, आणि मावशीसाहेबांनी “मी म्हणत नव्हते?” हे अस्त्र वर्षातून एकदाच सोडावे; आणि मातोश्रींनी चष्म्याचा कागद हातात धरून “आकडे खोटे असतात” ऐसे म्हणू नये. मसुदा पुरा होतो न होतो तोच, परीक्षेने मुलीचा दोष शोधिला की परीक्षा घेणाऱ्यांचा, यावर उभयतां पुन्हा हमरीतुमरीवर आल्या.

भिंगरी दाराच्या चौकटीत, म्हणजे चांगली दहा हात लांब उभी होती. चष्मा नाकावर नीट बसवून म्हणाली, “ए, तुम्ही दोघी लांबून अगदी सेम दिसता! रागावल्यावर तर कोण आई आणि कोण मावशी, कळतच नाही.”

हे खोडून काढण्यासाठी दोघीही एकदम वळल्या, दोघींची उजवी भुवई एकदम वर गेली, आणि दोघींचे बोट एकदम उठले. तीर्थरूपांनी हसू चहात बुडविले.

सारांश, मोहीम फत्ते जाहली. विजय कोणाचा, येविशी दोन्ही दरबारांतून निरनिराळे जाहीरनामे निघाले आहेत. स्वामींस ते फोनवर ऐकून पाठ जाहले असतील, म्हणोन सोबत जोडिले नाहीत. एकोणीस गुण खरे की खोटे, याचा निवाडा या दप्तरी होणे नाही. दप्तरी नोंद केली ती इतकीच: उजवा डोळा उणे पावणेतीन, डावा डोळा उणे तीन. या दोन आकड्यांविषयी उभयपक्षी तक्रार नाही.