नाझरसाहेबांचा पिस्टन

नीळकंठराव पिंपळशेंडे कुठल्याही लग्नाला आले की त्यांच्या कोटाचा उजवा खिसा खाली लोंबत असे. नव्या माणसाला वाटे, नाझरसाहेबांनी आहेरात चांदीचं भांडं द्यायचं ठरवलेलं दिसतंय. शेवटच्या अक्षता पडल्या की ते रुमालात गुंडाळलेली ती जड वस्तू बाहेर काढत आणि परगावच्या पाहुण्यांत शिरत.

"नागपूरचे काय जी तुम्ही? पाहा बरं, असा कुठं दिसला का तिकडे?"

रुमालात एक चिरलेला पिस्टन असे. पिस्टन म्हणजे इंजिनाच्या पोटात वरखाली होणारा, पेल्याच्या आकाराचा धातूचा तुकडा. हे आम्हा सगळ्या वर्धेकरांना नाझरसाहेबांमुळेच कळलं. पंगतीत जिलबी वाढणाऱ्यालाही ते तो दाखवत. एकदा तर स्मशानात, चिता पेटायची असताना, मयताच्या जबलपूरहून आलेल्या मेव्हण्याला त्यांनी हलकेच बाजूला घेतलं होतं.

ते माझे शेजारी. तहसिलीत नाझर, म्हणजे कचेरीची रोकड सांभाळणारे, अविवाहित, घरी म्हातारी आई. सरकारी कागदावर सही करताना ते शाईची दौत अशी काही सरकवत, की वाटावं आता तहनाम्यावर शिक्कामोर्तब होणार. कापसाच्या जिनिंगचा एक इंग्रज मॅनेजर मायदेशी जाताना आपली साइडकारवाली मोटारसायकल विकून गेला, ती यांनी घेतली. तेव्हाच ती इतकी जुनी होती की तिला जन्म देणारा विलायतेतला कारखाना कधीचा बंद पडलेला होता. ती एक उन्हाळा चालली आणि मग तिचा पिस्टन चिरला. तेव्हापासून ती अंगणात उभी होती. रविवारी नाझरसाहेब तिला पुसत, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत, "गाडी एकदम फस्क्लास आहे जी. फक्त पिस्टन नाई."

प्रकृती उत्तम, फक्त श्वास तेवढा चालत नाही, असंच हे वाक्य होतं. मी शाळामास्तर, मला वाक्यातली चूक दाखवायची सवय. एकदा दाखवली. ते म्हणाले, "मास्तर, तुमाले बहीण नाई, म्हून तुमाले समजत नाई."

बहिणीचा आणि पिस्टनचा संबंध असा होता. थोरली बहीण श्यामजीपंताचं म्हणतात त्या तळेगावला, मालगुजाराच्या, म्हणजे गावच्या जमीनदाराच्या घरी दिलेली. ती यांना निळ्या म्हणे, हे तिला बाई म्हणत. दिवाळीला तिला माहेरी आणायला मुऱ्हाळी म्हणून हेच जात. आर्वीपर्यंत छोट्या रेल्वेनं आणि तिथून मागून घेतलेल्या रेंगीनं, म्हणजे हलक्या बैलगाडीनं. एका वर्षी बाई रेंगीत चढत असताना भाटवे, म्हणजे बाईचे यजमान, गोविंदरावजी आपल्या नव्या मोटारीला टेकून उभे होते. चार माणसांदेखत ते म्हणाले, "मालगुजाराची बायको काय अशी पोत्यावानी नेतेत जी?"

नाझरसाहेबांनी तिथल्या तिथे सांगितलं, "आता मोटारीनं नेईन, नाई तं मुऱ्हाळी म्हून तुमच्या दारात पाय ठेवणार नाई."

म्हणून ती मोटारसायकल, आणि म्हणूनच ती साइडकार. आईनं तिच्यासाठी जुन्या लुगड्यांची छोटी गोधडी शिवली होती, लेकीला दणके बसू नयेत म्हणून. पण दिवाळीच्या आधीच पिस्टन चिरला. नाझरसाहेबांनी निरोप पाठवला, "गाडी फस्क्लास आहे, फक्त पिस्टन नाई. पुढच्या दिवाळीले येतो." पुढच्या दिवाळीला तोच निरोप गेला. त्याच्या पुढच्याही.

वर्ध्याहून तळेगावकडे रोज बस जात होती. हे मी त्यांना सांगून पाहिलं. ते माझ्याकडे असे पाहत, की जणू मी बहिणीला पोस्टानं मागवायला सांगतोय. तिकडे बाईही हट्टी. भाटव्यांनी पोचवून देतो म्हटलं तर ती म्हणे, "माझा भाऊ येईन ना." भाटवे म्हणत, "येऊ दे मग." दोन पुरुषांची ऐट होती आणि तिसऱ्या माणसाचं माहेर तिच्यात अडकलं होतं.

मग पिस्टनचा शोध सुरू झाला. नागपूरच्या भंगारवाल्यानं त्यांना ट्रॅक्टरचा पिस्टन दाखवला आणि म्हणाला, "थोडा घिसवा लो साहब, बैठ जाएगा." तो बसवायचा तर आधी मोटारसायकल ट्रॅक्टरमध्ये बसवावी लागली असती. पवनारला आश्रम पाहायला एक गोरा पाहुणा आल्याचं कळलं, तर नाझरसाहेब तिकडे धावले. यंत्रयुगाला कंटाळून तो सातासमुद्रापलीकडून आला होता. त्यानं पिस्टन दोन्ही हातांत धरला, कपाळाला लावला आणि नमस्कार करून परत दिला. नाझरसाहेबांनी तो पुन्हा रुमालात गुंडाळला.

शेवटी एका ओतारी कारागिरानं सांगितलं, ॲल्युमिनियम आणा, मी ओतून देतो. आईनं चुलीवरचं पातेलं रिकामं करून दिलं. "बाईले घेऊन येजो," एवढंच म्हणाली. पातेल्याचा पिस्टन झाला, गाडी फटफटली, सारी आळी बाहेर आली. नाझरसाहेब काळा चष्मा लावून पवनारपर्यंत गेले आणि धामच्या पुलावर इंजिन जाम झालं. बैल जुंपून गाडी परत आणली. आळीतल्या पोरांनी इंजिनाला वरणाचा वास येतो म्हणून बरेच दिवस चिडवलं. मीही हसलो. आई हसली नाही. ती गोधडी झटकून पुन्हा साइडकारमध्ये घालून आली.

त्यानंतरच्या हिवाळ्यात आई गेली. बाई बसनं आली, तेराव्यानंतर बसनंच परत गेली. ते येणं माहेरपणात कोणी धरत नाही. साइडकारजवळून जाताना तिनं गोधडीवरून हात फिरवला, आणि नाझरसाहेब विहिरीकडे तोंड करून उभे राहिले.

मला वाटलं, आता हा उद्योग थांबेल. तो वाढला. अनोळखी लोकांच्या लग्नांनाही ते जाऊ लागले. आणि अशाच एका पंगतीत कामठीचा एक पाहुणा रुमालाकडे पाहून म्हणाला, "अरे, हे तं आमच्या न्हाव्याची वाटी होय!"

कामठीच्या छावणीजवळ एक न्हावी खरोखरच एका उलट्या पिस्टनमध्ये साबण फेसाळत होता. कुठल्याशा साहेबानं जाताना टाकलेला, त्याच गाडीच्या भावंडाचा. नाझरसाहेबांनी त्याला नवी पितळेची वाटी दिली, आणि निम्मी दाढी झालेल्या गिऱ्हाइकासमोरून ती मौल्यवान वस्तू उचलून आणली. गाडी सुरू झाली. ती सुरूच राहिली.

दिवाळी जवळ आली होती. साइडकार रिकामी असली की गाडी एका बाजूला ओढते, म्हणून ते तिच्यात सरकीचं पोतं ठेवत. तळेगावला जाताना तिथे मला बसवलं, आणि मी हलका म्हणून पोतंही माझ्या पायांशी दाबलं. "तुमाले बसनं वापस यावं लागन, मास्तर," त्यांनी आधीच बजावलं होतं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापूस फुटला होता. वाटेत भेटणाऱ्या प्रत्येक बैलगाडीला नाझरसाहेब हॉर्न देत होते, कारण असो वा नसो.

मालगुजारी जाऊन आता काही वर्षं झाली होती. गोविंदरावजींची मोटार विकली गेली होती. अंगणातली तिची जागा मात्र त्यांनी मोकळी राखली होती, तिथे कोणाला बाजसुद्धा टाकू देत नसत. गाडी दारात फटफटली तेव्हा ते उठले आणि नाझरसाहेबांना हातानं तीच जागा दाखवली. मग हळूच म्हणाले, "मी तं तेव्हा थट्टेनं बोललो होतो, नीळकंठराव."

नाझरसाहेबांनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसला.

बाई बाहेर आली. नवं लुगडं, हातात पिशवी, तयारच. ती दाराच्या चौकटीला धरून पायरी उतरली, एकेक पाऊल, आडवं टाकत. साइडकारपाशी आली आणि थांबली. आत बसायला पाय गुडघ्यात मोडून वर उचलावा लागतो. तिनं उचलून पाहिला. तिच्या थोरल्या सुनेनं पाट आणला. मग धाकटीनं स्टूल आणलं. दोघींनी दोन बाजूंनी धरलं. गोविंदरावजींनी खांदा दिला. बाई हसायला लागली. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि ती स्टुलावर बसून म्हणाली, "निळ्या, तुही बहीण एकदम फस्क्लास आहे रे. फक्त गुडघे नाईत."

नाझरसाहेब इंजिनाकडे पाहत होते.

"काऊन असा उभा राह्यला?" ती म्हणाली. "मले माहेरी न्यायचं आहे ना? बस केव्हा आहे?"

बसमध्ये ती मागच्या बाकावर खिडकीशी बसली, आईची गोधडी मांडीवर घेऊन. मी तिच्याशेजारी. तिची पिशवी साइडकारमध्ये होती, सरकीच्या पोत्यासोबत. गाडी बसला सहज मागे टाकू शकली असती. पण ती आमच्या मागेमागेच होती. आर्वीला बस थांबली तेव्हा धुळीनं पांढरे झालेले नाझरसाहेब खिडकीखाली आले.

"बाई, दणके तं बसत नाईत ना?"

"नाई रे. तू पुढं निघून जा ना बापा, धूळ खाऊन राह्यला सारी."

"मुऱ्हाळी कधी बहिणीले टाकून पुढं जाते काय?" ते म्हणाले, आणि किक मारायला गेले.

बस सुटली. बाई खिडकीतून मागं पाहत राहिली. मग माझ्याकडे न पाहता म्हणाली, "पहिल्या साली आला असता ना मास्तर, तं मी उडी मारून बसली असती. अन् रेंगीनं आला असता, तरी."

मागून धुळीचा लोट आत आला. कंडक्टर सरकत आला आणि खिडकीला हात घालू लागला. "लावून घ्या बाई, धूळ येऊन राह्यली."

तिनं खिडकीच्या चौकटीवर हात ठेवला.

"राहू द्या जी," ती म्हणाली. "माझा मुऱ्हाळी आहे मागं."