थोरल्याचे हिरवे चौकोन

धाकट्यापेक्षा आपण हुशार आहोत याबद्दल थोरल्याच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. शंका होती ती बाकीच्या जगाच्या मनात.

दोघे चुलतभाऊ. थोरला अकरा दिवसांनी मोठा, पण त्या अकरा दिवसांचा मान घरात त्याला आजवर कोणी दिला नव्हता. घर एक, कॉलेज एक, कम्प्युटर सायन्सच्या तिसऱ्या वर्षाचा वर्ग एक आणि अभ्यासाची खोलीही एकच. त्यात खिडकीजवळचं टेबल धाकट्याचं. "त्याला उजेड लागतो," असं आईने ठरवून टाकलं होतं. थोरल्याच्या स्वतःच्या आईने! आपल्या पोराला अंधारात दिसतं असा तिचा समज का झाला होता, देव जाणे.

पण खरी आग लावली ती चौकोनांनी. प्रोग्रामर मंडळी आपला कोड ज्या वेबसाइटवर ठेवतात, तिथे प्रत्येकाच्या पानावर वर्षातल्या दर दिवसाचा एक चौकोन असतो. ज्या दिवशी काहीतरी नवीन काम चढवाल, त्या दिवसाचा चौकोन हिरवा होतो. धाकट्याचं पान हिरवंगार होतं. थोरल्याचं पान काकांच्या टकलासारखं, कडेला चार ठिपके आणि मधे सगळं मोकळं. एकदा एका सीनियरने वर्गात येऊन सांगितलं, "इंटर्नशिप देताना कंपनीवाले आधी हे चौकोन बघतात." थोरल्याला दोन दिवस जेवण गेलं नाही.

तिसऱ्या दिवशी मात्र तो पोटभर जेवला, कारण त्याला युक्ती सुचली होती. धाकटा रोज काम करतो. आपण रोज काम चढवणारा प्रोग्रामच लिहायचा. मग हुशार कोण?

आणि त्याने तो लिहिला, हे कबूल केलं पाहिजे. रोज संध्याकाळी आठ वाजता 'अभ्यास' नावाच्या फोल्डरमध्ये जे काही बदललं असेल, ते आपोआप वेबसाइटवर चढायचं. आता फक्त त्या फोल्डरमध्ये अभ्यास टाकायचा राहिला होता. तो सोमवारपासून सुरू होणार होता. सोमवार आला आणि गेला. त्याच्यामागून आणखी बरेच सोमवार गेले. पण गंमत अशी की चौकोन रोज हिरवा होत होता! कसा, ते थोरल्याने पाहिलं नाही. फुकट मिळालेल्या वस्तूची चौकशी करणं त्याच्या स्वभावातच नव्हतं.

तुम्हाला सांगायला हरकत नाही. त्या फोल्डरमध्ये रोज बदलणारी एकच फाइल होती आणि तिचं नाव होतं 'धाकटा'. एक ना एक दिवस या पठ्ठ्याचं पितळ उघडं पडणार, तेव्हा पुरावा हाताशी असावा म्हणून थोरला त्याच्या बारीकसारीक हालचाली रोज तिथे टिपून ठेवत होता. त्याचा कोड ओळ न ओळ वाचून चुका शोधत होता. अभ्यासाला कधी दिला नाही इतका वेळ त्याने या फाइलला दिला.

असे चार महिने गेले. मग कॉलेजच्या बोर्डावर एका छोट्या कंपनीची नोटीस लागली. इंटर्नशिपची जागा एकच, आणि काम आवडलं तर पुढे नोकरी. थोरल्याने ती वाचली, इकडेतिकडे पाहिलं, टाचणी काढली आणि नोटीस घडी घालून खिशात टाकली. धाकट्याला काय, कुठेही मिळेल. आयुष्यात एकदा, फक्त एकदा, त्याच्याआधी आपल्याला काहीतरी मिळावं, एवढंच थोरल्याला हवं होतं.

अर्ज गेला. मुलाखतीचं बोलावणं आलं. थोरला बाबांचा इस्त्रीचा शर्ट घालून गेला.

छोटंसं ऑफिस, सहा टेबलं. टीमच्या प्रमुख मॅडम समोर बसल्या होत्या आणि त्यांच्या लॅपटॉपवर थोरल्याचं हिरवं पान उघडं होतं. ते बघून थोरल्याची छाती फुगली.

"चार महिने एकही दिवस खाडा नाही," मॅडम म्हणाल्या. "चिकाटी आहे तुमच्यात."

"सवयच आहे मॅडम. रोज काही केल्याशिवाय मला चैन पडत नाही."

"ते दिसतंच आहे. काल आम्ही सगळ्यांनी बसून वाचलं."

"माझा कोड?"

"कोड नाहीये यात. वाचून दाखवते. 'बारा तारीख. धाकट्याने वाचनालयातली पुस्तकं शोधायची यंत्रणा दुरुस्त केली. पूर्वी वीस सेकंद लागायचे, आता एक. ग्रंथपालबाईंनी त्याला बसायला स्वतःची खुर्ची दिली. मला तीन वर्षांत नुसतं बसा म्हणाल्या नाहीत.'"

आपले चौकोन कशाने हिरवे होत होते, ते थोरल्याला आत्ता कळलं. मॅडम वाचतच होत्या.

"'एकोणीस तारीख. स्वतःची चूक स्वतःच वर्गात सांगून टाकली. काय तो आव! वीस तारीख. पहिल्या वर्षाच्या मुलींना दोन तास शिकवत बसला. दिखाऊ. सत्तावीस तारीख. त्याचा सगळा कोड तिसऱ्यांदा तपासला. अजून काही सापडत नाही. मेला करतो तरी काय?'"

पलीकडच्या टेबलावर कोणीतरी खोकल्याचं निमित्त करून हसलं.

"मॅडम, ते... ते खाजगी होतं."

"तुम्हीच जगासाठी खुलं ठेवलंय," मॅडम म्हणाल्या. "शिफारसपत्रं आमच्याकडे रोज येतात. सगळी गोडगोड. पण ज्याच्या डोळ्यांत माणूस खुपतो, त्याने चार महिने पाळत ठेवावी आणि हाती काही लागू नये, असं पत्र आम्ही पहिल्यांदाच पाहिलं. या धाकट्याने अर्ज का केला नाही?"

खिशातल्या नोटिशीला थोरल्याचा हात लागला.

"त्यांचा नंबर मिळेल?"

थोरल्याने नंबर सांगितला. शेवटचा आकडा चुकवावा असं मनात येऊन गेलं, पण मॅडमनी त्याच्यासमोरच फोन लावला.

तो घरी पोचला तेव्हा दारातच काकूने त्याला जवळ घेतलं. "सख्खा भाऊ करणार नाही, एवढं केलंस रे!" तिचे डोळे भरून आले होते. "स्वतःच्या मुलाखतीला जाऊन भावाचं नाव पुढे केलंस?"

"काकू, तसं नाही गं. मी जळत होतो त्याच्यावर."

"बघा, किती साधा आहे," काकू म्हणाली. बाबांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. असा हात त्यांनी याआधी कधी ठेवला होता, ते थोरल्याला आठवेना.

धाकटा मात्र खोलीत होता. खिडकीजवळ बसून तो मॅडमनी फोनवर सांगितलेली ती फाइल पहिल्या ओळीपासून वाचत होता. थोरला दारातच थांबला. एका परीने त्याला बरं वाटलं. आता हा चिडेल, आरडाओरडा करेल, निदान अबोला धरेल. चार महिने शोधूनही न सापडलेला दोष आज समोर येणार होता.

धाकट्याने शेवटपर्यंत वाचलं आणि मान वर केली. "माझं काम इतकं मन लावून कोणीच कधी वाचलं नव्हतं रे," तो म्हणाला. "पण खरं सांग, मी दिखाऊ वागतो का? वागत असेन तर सुधारेन."

तो खरोखर उत्तराची वाट बघत होता. थोरल्याने आठवून पाहिलं, पुन्हा आठवून पाहिलं आणि शेवटी दाराची चौकट धरून म्हणाला, "नाही. चांगला आहेस तू." त्या दिवशी मुलाखतीतसुद्धा त्याला इतकं जड गेलं नव्हतं.