दहा वर्षं टिकेल का?

नोंदोबांनी बायकोचं शिलाई मशीन उघडलं तेव्हा त्यांचा हेतू शुद्ध होता. मशीन कुरकुरत होतं, त्याला तेल द्यायचं होतं. ते बाहेरूनही देता आलं असतं. पण आत काय आहे हे पाहिल्याशिवाय या गृहस्थांना चैन पडत नाही. निघालेला प्रत्येक भाग ते फोनमधल्या नोंदींच्या सॉफ्टवेअरमध्ये टिपत गेले. एकदा टिपलं की लक्षात ठेवायचं नाही, हा त्यांचा नियम. मेहुणीने 'नोंदोबा' हे नाव ठेवलं ते त्यावरूनच.

जेवणाचं टेबल सुट्या भागांनी भरलं आणि नेमकी तेव्हाच सॉफ्टवेअरची वर्गणी संपली. नोंदींना कुलूप लागलं.

"मग भरा की वर्गणी!" बायको म्हणाली. "नाटकाचा पडदा संध्याकाळी द्यायचाय. नाही दिला, तर ती मंडळी परत कधी काम देतील का मला?"

"भरतो गं. पण ही कंपनी दहा वर्षं टिकेल का? माझं अख्खं आयुष्य आहे त्यात."

"अहो, संध्याकाळपर्यंत टिकली तरी पुरे आहे मला!"

पण शंका आली की नोंदोबा गप्प बसणारे नव्हेत. त्यांनी सरळ कंपनीला फोन लावला.

"तुमची कंपनी किती वर्षं टिकेल?"

"साहेब, मी सोमवारीच लागलोय."

"मग काय बघून लागलात?"

पलीकडचा मुलगा चाचरत म्हणाला, "विचारून सांगतो, साहेब."

खरं तर याच प्रश्नाचा नोंदोबांनी वर्षभर अभ्यास केला होता. कोण बुडालं, कोणी भाव वाढवले, आपल्या नोंदी बाहेर कशा काढायच्या, सगळं मुद्देसूद. तेच बघू म्हणून त्यांनी फोन उचलला आणि त्यांचा चेहरा उतरला.

"आता काय झालं?"

"अभ्यास आतच आहे."

बायकोने फोन हिसकावून वर्गणी भरली. कुलूप निघालं. नोंदी बघत बघत मशीन जोडून झालं, कुरकुर न करता चाललं आणि पडदा वेळेवर गेला. टेबलावर मात्र एक स्क्रू उरला.

नोंदोबांनी इमानेइतबारे टिपायला घेतलं, 'एक स्क्रू उरला.' तेवढ्यात सॉफ्टवेअरने आपण होऊन एक जुनी नोंद पुढे केली. तीही मशीनचीच होती. 'एक स्क्रू उरला. हिला सांगायचं नाही. मशीन पुन्हा उघडायचं नाही.'

बायको मागे उभी राहून वाचत होती.

"कंपनी टिकेल हो दहा वर्षं," ती म्हणाली. "तुमच्या हातात माझं मशीन किती टिकेल, तेवढं विचारून सांगा."