पहिल्या हाकेची ओ

आमच्या शाळेतल्या ज्ञानोबांना एका हाकेत बोलावून दाखवा आणि माझ्याकडून चहा प्या, अशी माझी पैज असायची. ते कारकून, टेबल दारापासून चार पावलांवर. पण पहिल्या हाकेला मान खाली, दुसरीला खालीच, तिसरीला खणखणीत "ओ!" विचारलं की म्हणायचे, "एकदाच हाक मारतो त्यो चकवा, सर. माणूस असंल तर पुन्हा मारतोच." ताडकळसकडच्या मेंढपाळ घरातले. सेलूत एवढी वर्षं नोकरी करूनही रान अंगातून गेलं नव्हतं.

रविवारी दुपारी माझ्याकडे शाळेतलेच आम्ही चौघं एक खेळ खेळतो. गोष्ट मी सांगायची, बाकीच्यांनी एकेक सोंग घ्यायचं, अडेल तिथं फासे टाकायचे. गणिताचे सर तलवारबहाद्दर झाले, चित्रकलेच्या बाई चेटकीण. ज्ञानोबांचा गडी मेंढपाळ. घोंगडी, काठी आणि कुत्रं.

"अहो, निदान जादूगार तरी व्हा!"

"जमंना, सर. आपल्याला येतंय तेच करावं."

आणि इथं मात्र तिसऱ्या हाकेची वाटच बघायची नाही! गुहेतून, विहिरीतून, धुक्यातून मी राक्षसाच्या तोंडी एक हाक घालायचा अवकाश, गडी "ओ! आलो!" म्हणत धावलाच. दर रविवारी एक मेंढपाळ खलास. "फिकीर करू नका सर, दुसरा काढू," म्हणत ते नवा कागद घ्यायचे आणि वर पुन्हा तेच लिहायचे: मेंढपाळ, थोरला भाऊ एक.

नववा मेला तेव्हा माझं डोकं फिरलं. "शाळेत तीन हाका लागतात, आणि इथं मरायची एवढी घाई?"

त्यांनी हातातले फासे खाली ठेवले.

"पूर्णेच्या काठाला मेंढरं बसवली होती, सर. सकाळी धुकं लय. दादा पुढं गेलेला. नदीकडून हाक आली, 'ज्ञाना!' एकदाच. मायनं शिकवलं तसं मी गप बसलो, दुसरीची वाट बघत. दुसरी आलीच न्हाई. दुपारी डोहात त्याची घोंगडी घावली."

मी विचारलं, "मग अजून तीन हाका कशाला?"

"पहिली त्याचीच वाटती. ओ देऊन वळून बघावं, तर तिथं तुमी असता. म्हून पहिलीला मान वर करवत न्हाई."

पुढच्या रविवारी मी गोष्टीत नदी आणली, धुकं आणलं. राक्षस ठेवला नाही. हाक मारायला तोंड उघडलं, तोच ज्ञानोबा उघड्या दाराकडं बघून हळूच म्हणाले, "ओ, दादा."

मी अजून हाक मारलीच नव्हती. बाईंनी माझ्याकडं पाहिलं. फासे मी बाजूला सारले.

"भाऊ काठावर उभा आहे," मी म्हणालो. "भिजलाय. कुडकुडतोय."

ज्ञानोबांनी आपल्या कागदावरची घोंगडी खोडली आणि 'थोरला भाऊ एक'च्या पुढं लिहिली.

सोमवारी सवयीनं दारातून पहिली हाक मारली आणि दुसरीसाठी श्वास घेतला.

"ओ, सर!"

पैज मीच जिंकली होती. चहा मात्र त्यांना पाजला.