दाढेची रजा

प्रत्यारोपण केलेल्या दाढेला वर्षातून चार दिवस मूळ तोंडात परतायची रजा मिळते. माझी दाढ धाकट्या बहिणीच्या, हेमलताच्या तोंडात आहे. ती दर मार्गशीर्षात यायची.

आईकडून आलेल्या आनुवंशिक आजारामुळे हेमलताला दाढा फुटल्याच नाहीत. मला फुटल्या, म्हणून एक दिली. रजेच्या वेळी ती स्वतः दाढ घेऊन निपाणीहून मिरजेला येई. चार दिवस आमच्याकडे राही, मऊ भात खाई आणि माझं चावणं कौतुकाने बघत बसे.

एका वर्षी स्वतःच्या मुलाच्या लग्नासाठी तिने ती रजा रद्द करवली. माझ्याच दाढेने लाडू खाणार आणि मला विचारणारही नाही, याचा मला राग आला. मी लग्नाला गेलो नाही. तिरीमिरीत रिकाम्या जागी कृत्रिम दाढ बसवून घेतली आणि तिला कळवलंही नाही. मूर्खपणा केला.

पुढच्या मार्गशीर्षात ती आली. प्रत्यारोपण कक्षातल्या शिरगुप्पे डॉक्टरबाईंनी आधी तिची दाढ काढली, मग माझं तोंड उघडून पाहिलं.

"जागा रिकामी नाही," त्या म्हणाल्या.

कृत्रिम दाढ काढा, असं मी सुचवलं. पण सहा महिने भरल्यामुळे ती कायम झाली होती. मग हिची दाढ हिला परत बसवा, म्हटलं. तेही जमेना, कारण मंजूर रजा संपल्याशिवाय दाढेला कामावर घेता येत नाही. शेवटी दाढ दुधाच्या डबीत घालून माझ्या ताब्यात दिली. हेमलता सांगलीला जावेकडे उतरली.

चार दिवस मी सकाळ-संध्याकाळ दूध बदललं. शेंगदाणे खाताना डबी पलीकडे सरकवली, उगीच तिचा जीव जळायला नको.

पाचव्या दिवशी दाढ हजर झाली. पुढच्या सगळ्या रजा रद्द केल्याच्या कागदावर हेमलताने सही केली. कारण लिहिलं होतं, मूळ जागा उपलब्ध नाही.

"त्रास नाही ना दिला तिने, दादा?"

"नाही."

जेवून जा, असं अगदी ओठांवर आलं होतं. तिची बस लागली होती.

आता दर मार्गशीर्षात चार दिवस मी अर्धा लिटर दूध जास्त घेतो. डबीत घालतो आणि संध्याकाळी बदलतो.