सूर्यचुलीतलं पन्हं

"आज तरी शिजेल का हो ते वरण?" ताराबाईंनी डबा भरता भरता विचारलं आणि कृष्णकांतराव सकाळी सकाळीच थकले.

गेली सहा वर्षं ते नागपूरच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेत सूर्यचुलीवर संशोधन करत होते. सूर्यचूल म्हणजे एक लाकडी पेटी. वर काच, झाकणाला आरसा, कडेने उष्णता धरून ठेवायला काचेचा कापूस ठासलेला आणि आत काळे रंगवलेले चार डबे. रॉकेल नको, कोळसा नको, धूर नाही. अख्खं नागपूर उन्हाळाभर उन्हापासून तोंड लपवत फिरतं आणि हा एकटा माणूस ऊन शोधत गच्चीवर चढतो, म्हणून लोक त्यांच्याकडे जरा दयेनेच बघत. घरी तर चूल आठवडाभरही टिकली नाही. "सूर्य सरकला की पेटी सरकवायची! मी काय सूर्यफूल आहे?" असं म्हणून ताराबाईंनी तिच्यावर कुरडया वाळत घातल्या होत्या.

आज दिल्लीहून समिती येणार होती. तिच्यासमोर डाळ शिजली तर संशोधन चालू राहणार, नाही शिजली तर कृष्णकांतरावांची बदली सांडपाणी विभागात. त्या विभागात बाटली घेऊन स्वतः नाल्यात उतरावं लागे. कृष्णकांतरावांचे गुडघे जिना उतरतानाच कुरकुरत, नाल्याचं तर नावच नको.

त्यात नेहमीचा शिपाई चंद्रभान मेव्हणीच्या लग्नाला गेलेला. बदलीवर मिळाले लायब्ररीतले नत्थूजी. भला माणूस. उन्हाळाभर खिडक्यांना लावलेल्या खसाच्या, म्हणजे वाळ्याच्या ताट्यांवर पाणी मारत राहायचं, हीच त्यांची नोकरी. तापलेली वस्तू दिसली की त्यांचा हात आपोआप बादलीकडे जाई.

प्रयोगशाळेच्या गच्चीवर कृष्णकांतरावांनी आरशावरची कोराडीच्या वीजकेंद्राची राख पुसली, दोन डब्यांत डाळ-तांदूळ घातले आणि पेटीचं तोंड सूर्याकडे केलं. "नत्थूजी, मी स्टेशनवर जातो. ह्या पेटीत समितीचं जेवण आहे. त्याला काही होता कामा नये."

"बिनघोर जा साहेब. जेवनाले काही होऊ देत नाही मी."

गाडी लेट होती. कृष्णकांतराव फलाटावर घाम पुसत बसले. ऊन मात्र मनासारखं पडलं होतं आणि तेवढ्यावरच ते तग धरून होते.

समिती आली ती डोक्यावर ओले रुमाल टाकून. कूलरच्या खोलीत बसलेले अध्यक्ष गच्चीचं नाव काढताच दचकले. "ऊपर? इस धूप में? नहीं भाई, पेटी यहीं मंगवा लीजिए."

पेटी आली. तिच्यावर ओलं पोतं होतं आणि त्यातून पाणी गळत होतं.

"नत्थूजी, हे काय?" कृष्णकांतरावांनी पोत्याचं टोक उचललं.

"पोतं, साहेब. तुम्ही गेले अन् पाहतो तं काय, पेटी भर उन्हात! हात लावला तं चटका बसला. अशा उन्हात वरन आंबते का नाही? मंग टाकीच्या सावलीत नेली, झाकन लावलं, पोतं टाकलं अन् पानी मारून राहिलो आतापर्यंत."

"अहो, ती उन्हातच ठेवायची होती!"

"काहून?"

सहा वर्षांत एवढा सरळ प्रश्न त्यांना कोणी विचारला नव्हता. तेवढ्यात अध्यक्षांनी पहिला डबा उघडून डाळीचा दाणा दाताखाली धरला. कट्ट असा आवाज झाला.

"कच्ची है."

दुसऱ्या डब्यात तांदूळ पाण्याखाली निवांत पडले होते. कृष्णकांतरावांना डोळ्यांसमोर नाला दिसू लागला. अध्यक्षांनी तिसरा डबा उघडला. आत काहीतरी पिवळसर.

"ते माह्यं हाय जी," नत्थूजी पुढे झाले. "कैरीचं पन्हं. दोन डबे रिकामेच होते. म्हटलं, थंडं राहीन."

अध्यक्षांनी डबा तोंडाला लावला. डबा रिकामा झाल्यावरच त्यांनी डोळे उघडले.

"ठंडा है! बिना बिजली के?"

"जी," नत्थूजी म्हणाले.

चौथा डबा बाकीच्यांनी संपवला. कृष्णकांतराव "सर, मूळ उद्देश..." एवढं बोलले, मग त्यांना नाला आठवला आणि ते गप्प बसले. विजेशिवाय चालणाऱ्या शीतपेटीला समितीने तिथल्या तिथे मंजुरी दिली. अट एकच, पुढचं प्रात्यक्षिक दिल्लीत, जानेवारीत.

"शिजलं का?" रात्री ताराबाईंनी विचारलं.

"नाही. पण पन्हं गार झालं."

"चला, सहा वर्षांत पहिल्यांदा काहीतरी कामाचं करून राहिले तुम्ही."

जानेवारीत कृष्णकांतराव पेटी घेऊन दिल्लीला गेले. दूध नासत नाही हे दाखवायचं म्हणून चारही डब्यांत दूध भरलं, पेटी गच्चीवर सावलीत ठेवली, ओलं पोतं टाकलं आणि तिथल्या ओमप्रकाश नावाच्या शिपायाला निक्षून सांगितलं, "इसका ख़याल रखना." मग ते बैठकीला गेले. बैठक लांबली.

समितीला घेऊन वर येतात तो पोतं दोरीवर वाळत पडलेलं, झाकण उघडं, आरसा चकाकतोय आणि पेटी भर उन्हात.

"बेचारी छाँव में ठंड से काँप रही थी, साहब," ओमप्रकाश कळवळून म्हणाला. "धूप में कर दी."

कृष्णकांतराव खाली बसले. रागवायचं त्राणच उरलं नव्हतं. मफलर गुंडाळलेल्या अध्यक्षांनी डबा उघडला, वाफ नाकावर घेतली आणि फुंकर मारत एक घोट घेतला.

"गरम है! बिना बिजली के?"

"जी," ह्या वेळी कृष्णकांतरावच म्हणाले.

घरी आल्यावर ताराबाईंनी चहा पुढे केला. "मग? पेटी पास?"

"चूल पास झाली."

"म्हणजे परत चूलच?"

"हो. आता पुन्हा प्रात्यक्षिक. नागपूरला, मे महिन्यात."

ताराबाईंनी नवऱ्याचा दमलेला चेहरा पाहिला. मग त्यांनी हळूच विचारलं, "तेव्हा डाळ भिजत घालू की कैऱ्या आणू?"

कृष्णकांतरावांनी डोळे मिटले.

"दोन्ही," ते म्हणाले.