मे महिन्यातला स्वेटर

आमच्या शेजारचे गोविंदअप्पा ऐन मे महिन्यात बायकोचा मोरपंखी स्वेटर घालून परसात उतरतात. देशपांडे नगरात नव्याने राहायला आलेला माणूस आधी दचकतो, मग आमची बेल वाजवून हळूच विचारतो, "शेजारच्यांचं सगळं ठीक आहे ना?" मी म्हणतो, "आत या, चहा घ्या. सांगतो."

अप्पा जन्मभर सरकारी प्रयोगशाळेत कोंबड्यांचं रक्त तपासत होते. बर्ड फ्लूच्या लसीतलं प्रथिन टोचलं की कोंबडीच्या अंगात प्रतिपिंडं किती तयार होतात, हे बघायचं त्यांचं काम. निवृत्त झाले, पण विषय काही सुटला नाही. मला ते कानडीत धाकट्या भावासारखं 'तम्मा' म्हणतात, आणि 'नोड', म्हणजे 'बघ', म्हणत सुरू होतात.

"नोड तम्मा, लशीत अख्खा विषाणू लागत नाही बघ. त्याचा वरचा कोट तेवढा दाखवायचा. आत कोण नसलं तरी चालतंय. शरीर कोट लक्षात ठेवतंय!"

एकदा कोप्पीकर रोडवर कपड्यांच्या दुकानात त्यांनी हे हँगरकडे बोट दाखवून समजावलं. दुकानदाराने बिचाऱ्याने आणखी पाच कोट काढून पुढ्यात टाकले.

परसातल्या कोंबड्या मात्र सुमक्कांच्या, म्हणजे अप्पांच्या बायकोच्या. अप्पा दिसले की त्या पळत सुटायच्या. "सुईचा हात ओळखतात हो त्या," म्हणत सुमक्का पदर तोंडाला लावून हसायच्या. दोन वर्षांपूर्वी सुमक्का गेल्या आणि कोंबड्या दाण्याला तोंड लावेनात. अप्पा हवालदिल झाले. एका सकाळी ते अक्कांचा स्वेटर चढवून परसात गेले, तर सगळ्या धावत आल्या. कुंपणावरून ओरडले, "तम्मा! कोट पुरला की रे!"

तेव्हापासून हा स्वेटर. कोपरं उसवली तेव्हा आमच्या हिने रफू करून देते म्हटलं, तर अप्पांनी साफ नकार दिला. "प्रथिनाचा आकार बदलला तर ओळख पटत नाही, वहिनी."

कोंबड्या म्हाताऱ्या होऊन एकेक करत गेल्या. गेल्या महिन्यात शेवटची, चंद्रीही गेली. अप्पा परसात फिरकेनात. मला वाईट वाटलंच, पण आता निदान हा माणूस उन्हाळ्यात उकडून निघायचा थांबेल, असंही वाटलं.

परवा त्यांनी नवी पिल्लं आणली. काल सकाळी बघतो तर अप्पा पुन्हा स्वेटरमध्ये, घामाघूम, हातात कण्यांची वाटी. मला राहवेना.

"अप्पा, या पिल्लांनी अक्कांना बघितलंच नाही. ती कसली ओळखणार?"

एक पिल्लू बाहीच्या लोंबत्या धाग्याला चोच मारत होतं. ज्या धाग्याला त्यांनी आम्हाला हात लावू दिला नव्हता, तो त्यांनी त्याच्यासाठी आणखी खाली धरला.

"म्हणूनच की, तम्मा," ते म्हणाले. "हा पहिला डोस."